आशाताई, पुढच्या साथीलाही नक्की या!

प्रिय आशाताई,


पुढची साथ कधी येईल सांगता येत नाही, म्हणून आमंत्रण आत्ताच देऊन ठेवतो. आम्ही कोल्हापूरकर उपकार विसरत नाही. करोनाच्या साथीत २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता तुमच्यासाठी गॅलरीत उभं राहून थाळ्या बडवल्या होत्या. तो आवाज गगनबावडा-शाहूवाडीच्या धनगरवाड्यांवर तुम्हा आशा सेविकांपर्यंत पोचला नसेल, तर चूक डोंगराची.

त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारची ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही घरोघर तपासणीची मोहीम निघाली. कुटुंब आमचं, जबाबदारी तुमची, ही वाटणी फार सोयीची पडली. तुम्ही ऑक्सिमीटर घेऊन दारात, आम्ही आतून ‘आमच्यात कुणी आजारी नाही’ म्हणायला मोकळे.

एक बोलतो, राग मानू नका. जून २०२१ मध्ये बरेच जिल्हे मोकळे होत असताना कोल्हापूर निर्बंधांच्या चौथ्या स्तरात अडकलेलं, आणि नेमक्या तेव्हाच राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर! मागण्या साथ नसताना करायच्या असतात. साथ नसताना आम्हाला तुमची आठवण नसते, हा भाग वेगळा. तरी मानधनात हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मिळालाच की. पुढच्याच महिन्यात पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली. करोनानं पुराची सुट्टी घेतली नाही, मग तुम्हाला कशी द्यायची?

महिनाभराची साथ आम्ही उत्साहानं काढतो. वर्ष उलटलं की मास्क हनुवटीवर येतो, कोविड सेंटरं बंद होतात, कंत्राटी नर्स घरी जातात. साथ लांबली तरी तुम्ही मात्र कंटाळायचं नाही. कागदोपत्री तुम्ही कर्मचारी नाहीच, स्वयंसेविका आहात. आणि स्वयंसेवा कधी थकते का?

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तुमचा गौरव केला. २०२४ मध्ये पाच हजारांची वाढ मिळाली. त्यासाठी आझाद मैदानात बसावं लागलं, पण तेवढीच मुंबई पाहून झाली. त्याच वर्षाअखेर आपल्याच जिल्ह्यातल्या राधानगरीचे आमदार आरोग्यमंत्री झाले, कागलचे वैद्यकीय शिक्षणमंत्री. मे २०२५ मध्ये तर जगानं लस-औषधांच्या न्याय्य वाटपासाठी महामारी करार मंजूर केला. जिनिव्हापासून कोल्हापूरच्या बिंदू चौकापर्यंत सगळे तुमच्याच बाजूचे असताना कायम नोकरी, पेन्शन असल्या किरकोळ गोष्टींसाठी कशाला अडून बसता?

आपला कृतज्ञ,
एक कोल्हापूरकर

ता. क. : पुढच्या साथीच्या सर्वेचे फॉर्म आत्ताच काढून ठेवा. झेरॉक्स अर्थातच स्वखर्चानं.