बाकी सर्व क्षेम

जुन्या पत्रांच्या शेवटी ‘बाकी सर्व क्षेम’ असं लिहायची पद्धत होती. बीदर जिल्ह्यातल्या आमच्या भालकी तालुक्यात हे वाक्य शब्दशः खरं आहे. बाकी सगळी क्षेम आहे. घरपट्टीची बाकी, पाणीपट्टीची बाकी, दिवाबत्तीच्या बिलाची बाकी, सगळ्या जागच्या जागी आहेत. कुणीही त्यांना धक्का लावलेला नाही.

इकडे मराठी, कन्नड आणि दखनी एकाच हॉटेलात एकाच बाकावर बसून चहा पितात. करवसुलीला कुणी पट्टी म्हणतं, कुणी कंदाय म्हणतं. काम कधी होणार असं विचारलं, तर एक ‘बघू’ म्हणतो, दुसरा ‘नोडोण’ म्हणतो, तिसरा ‘देखेंगे’ म्हणतो. पण बाकीला तिघंही बाकीच म्हणतात. सीमाप्रश्नावर इतक्या समित्या, इतके आयोग बसले, पण दोन्ही राज्यांना मान्य असलेला हा एक शब्द कुणाच्याच नजरेला आला नाही.

खटकचिंचोळी हे होबळीचं, म्हणजे महसुली मंडळाचं गाव. चिंचोळ्या आमच्या भागात पुष्कळ, कलबुर्गी जिल्ह्यात तर अख्खा तालुकाच चिंचोळी नावाचा. म्हणून प्रत्येकीला ओळखायला काहीतरी जोड लागते. आमच्या वाट्याला ‘खटक’ आलं. मराठी कानाला त्यात काहीतरी खटकतं आणि काहीतरी चिंचोळं आहे, असं दोन्ही ऐकू येतं. खेड्यातल्या पंचायतीच्या तिजोरीचं वर्णन याहून थोडक्यात कुणी करून दाखवावं.

मात्र पुढं जे लिहितो आहे ते खटकचिंचोळीच्या पंचायतीबद्दल नाही. ते कुठल्या पंचायतीबद्दल आहे, तेही छापणार नाही. एकीचं नाव घेतलं तर बाकीच्या रुसतील, आमचा जमाखर्च काय हलक्या प्रतीचा आहे का, म्हणून.

तर परवा जमाबंदीला गेलो होतो. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो : कर्नाटकात पंधरा ऑगस्टचा झेंडा उतरला की पुढचा महिनाभर ग्रामपंचायतींची जमाबंदी चालते. मागच्या वर्षाचा हिशेब गावासमोर वाचायचा, वह्या टेबलावर मांडून ठेवायच्या, ज्याला तपासायच्या त्यानं तपासाव्यात, झालेली कामं जागेवर जाऊन बघावीत. कल्पना इतकी चांगली आहे, की ती कुणी मनावर घेतली तर हाहाकार होईल. सुदैवानं कुणी घेत नाही. जमाबंदीला वॉटरमन होता, बिल कलेक्टर होता, बोलावल्यामुळं आलेल्या दोन आशाताई होत्या आणि वऱ्हांड्यात सावलीला एक कुत्रं होतं. चारपेक्षा जास्त माणसं जमू नयेत असा हुकूम निघतो त्याला जमावबंदी म्हणतात. आमच्याकडं जमाबंदीलाच तो आपोआप लागू होतो. एका ‘व’चा फरक, तोही पंचायत विकास अधिकाऱ्यांनी, म्हणजे पीडीओसाहेबांनी, बहुधा कागद वाचवायला काढून टाकला असावा. आणि शब्द फोडून वाचला, तर जमा बंदच आहे.

वह्या खरोखरच मांडलेल्या होत्या. त्या तपासायच्या तर तीन गोष्टी लागतात : कन्नड वाचता यायला हवं, आकडे कळायला हवेत आणि अध्यक्षांशी सोयरीक नसायला हवी. (इकडं सरपंच नसतो, अध्यक्ष असतो. अमेरिकेतही असतो.) तिन्ही अटींत बसणारा गावात एकच पोरगा होता. तो हैदराबादला कामाला गेला.

पीडीओ वाचू लागले. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा आला की त्याची दोन खाती होतात. शंभरातले 60 बंधित, म्हणजे ते पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचे. उरलेले 40 अबंधित. अबंधित म्हणजे मोकळे, गावाला जी गरज असेल तिच्यावर खर्च करा, फक्त पगार आणि आस्थापना सोडून. आता आमच्या गावाची गरज म्हणाल तर वॉटरमनचा पगार. पाइप आहे, टाकी आहे, टाकीवर योजनेचं नाव निळ्या रंगात आहे, वॉल सोडणारा माणूस तेवढा अबंधितातही बसत नाही आणि बंधितातही बसत नाही. तो आपला दाराशी बसला होता.

“सायब, पाण्याचं वाचा की,” तो म्हणाला.

“आगुत्तदे,” साहेब म्हणाले. म्हणजे होईल.

पाण्याच्या योजनेला कन्नडमध्ये ‘मनेमनेगे गंगे’ असं गोड नाव आहे, घरोघरी गंगा. केंद्राचं जलजीवन मिशन 2019 ला सुरू झालं, 2024 पर्यंत प्रत्येक घरी नळ द्यायचा होता, आता मुदत 2028 आहे. लोक उगाच ओरडतात. गंगा खाली आणताना अंशुमान गेला, दिलीप गेला, तेव्हा कुठं भगीरथाला जमलं. त्या हिशेबानं आमचे कंत्राटदार वेळेच्या बरेच पुढं आहेत. नळ तर आलेलाच आहे. सिमेंटचा रस्ता फोडून आला, त्यामुळं आता रस्त्याचंही काम निघालं. धरण म्हणाल तर ब्याळहळ्ळीला, आमच्याच तालुक्यात. त्याचं नाव कारंजा. नाव ठेवणाऱ्यानं धरणावर सगळा विनोद खर्च केला, आमच्यासाठी काही ठेवला नाही.

मग कराचं पान आलं. कर्नाटकात घरपट्टीवर ग्रंथालयाचा उपकर असतो, शेकडा 6. पंचायतीच्या ग्रंथालयाला आता ‘अरिवु केंद्र’ म्हणतात. अरिवु म्हणजे ज्ञान. गावात बरीच वर्षं हिंडूनही न सापडलेली वस्तू आता पाटीवर तरी दिसते, हे काही कमी नाही. दुसरा उपकर मला फार आवडतो, तो भिक्षाटनाचा. भीक मागण्यावर बंदी घालणारा राज्याचा कायदा 1975 चा. निराश्रितांना सांभाळायला पैसा लागतो म्हणून घरपट्टीवर शेकडा 3 वसूल करायचे आणि वर पाठवायचे. पाचशे रुपये घरपट्टी असेल तर पंधरा रुपये भिकाऱ्यांच्या नावानं. आता गंमत बघा. लोक पट्टी भरत नाहीत, म्हणून पंचायत हात पसरून बीदरच्या जिल्हा पंचायतीच्या दारात. जिल्हा पंचायत बेंगळुरूच्या दारात. बेंगळुरू दिल्लीच्या दारात, आमचा कराचा वाटा द्या म्हणून. भीक मागण्यावरच्या बंदीचा उपकर गोळा करणारी ही सगळी साखळी कशावर चालते, हे त्या कायद्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही. बेंगळुरूच्या महापालिकेकडंच या उपकराचे कोट्यवधी थकल्याच्या बातम्या येऊन गेल्या. भिकाऱ्याचं देणं बुडवायचं म्हणजे त्याला शहरच लागतं. ते आम्हा खेड्यांच्या आवाक्यातलं नाही.

दिवाबत्तीची बाकी जेस्कॉमची. कलबुर्गीला बसून ही कंपनी आम्हाला वीज पुरवते आणि पंचायत तिला आश्वासनं पुरवते. घरांना गृहज्योती लागू आहे, 200 युनिटपर्यंत फुकट. रस्त्यावरच्या खांबाला मात्र घर नाही, कुटुंब नाही, रेशनकार्ड नाही. त्यामुळं घराघरात उजेड आणि रस्त्यात अंधार. चौकात हायमास्ट आहे, त्याच्या उद्घाटनाचा फ्लेक्सही आहे. रात्री फ्लेक्स वाचायचा झाला तर शेजारच्या घराची खिडकी उघडायला सांगावी लागते.

फ्लेक्सवरून आठवलं. गावच्या बातम्या द्यायच्या राहिल्या. या आठवड्यात तीन वाढदिवस, एक निवड आणि एक ‘भावी’. जाहिरातीवर कर लावायचा पंचायतीला अधिकार आहे. पण फ्लेक्सवर वरच्या ओळीत ज्यांचे फोटो, त्यांनीच खालच्या माणसाकडून कर घ्यायचा म्हणजे घरचं लग्न आणि दारात तिकीट. तेव्हा तेही बाकीत.

दुसरी बातमी सोयरिकीची. 1 नोव्हेंबर 1956 ला निजामाच्या वेळच्या बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडं, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात, गेले, जहीराबाद, नारायणखेड आंध्राकडं, भालकी, औराद इकडं राहिले. वाटणी करणाऱ्यांनी नात्यागोत्याचा तक्ता मागवला नव्हता, त्यामुळं मामा एका राज्यात आणि भाचे दुसऱ्या. पूर्वी मुलगी द्यायची तर पाणी बघत, जमीन बघत. आता घरातल्या बायका योजना बघतात. इकडं गृहलक्ष्मी महिन्याला 2000, तिकडं लाडकी बहीण 1500. इकडं 2023 च्या जूनपासून शक्ती योजनेत सरकारी बस फुकट, तिकडं त्याच वर्षीच्या मार्चपासून एसटीत अर्धं तिकीट. उदगीरची पोरगी भालकीला सून होऊन आली आणि घरची कर्ती झाली तर बहिणीची लक्ष्मी होते आणि महिन्याला पाचशेनं वाढते. मात्र माहेरी निघाली की फुकटची सीमा राज्याच्या सीमेवर संपते. आमची एक वहिनी म्हणते, “भाऊजी, जाताना माझं मोल अर्धं होतंय बगा.” तिला सांगितलं, वहिनी, तिकीट अर्धं आहे, मोल नव्हे. ती म्हणाली, तिकडं दोन्ही एकाच खिडकीवर मिळतंय.

हिशेबाच्या अशा गुंत्यात बीदरचा इतिहास फार धीर देतो. मराठी माणसाला ठाऊक असलेलं सगळ्यात मोठं ऑडिट बीदरच्याच दरबारात झालं. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारातलं धान्य लोकांना वाटलं, बादशहानं बेड्या घालून बोलावलं, आणि ते पोचायच्या आत विठू महार थैली घेऊन दरबारात गेला, धान्याची सगळी रक्कम मोजून दिली आणि पावती घेतली. आख्यायिका असेल, पण तिच्यातली पावती मला नेहमी खरी वाटते. देवालासुद्धा माहीत होतं, की पावतीशिवाय बीदरहून निघायचं नाही. आज तोच विठू आला तर काउंटरवरची पोरगी त्याला आधार विचारेल. नंबर लिंक आहे का विचारेल. पत्ता पंढरपूर म्हटल्यावर, राज्याच्या रकान्यात महाराष्ट्र येत नाही, असं सांगेल. दामाजी बेड्यांतच.

दुसरी गोष्ट महमूद गावानची. बहामनी राज्याचा हा वजीर, जमिनी मोजून सारा ठरवणारा, ज्याच्या मदरशाचे अवशेष बीदरला अजून उभे आहेत. त्याच्या शत्रूंनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्याला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला आणि वरती हवं ते पत्र लिहिलं. 1481 मध्ये त्याचं डोकं गेलं. मेल्यावर त्याची खाजगी तिजोरी उघडली, तर फारसं काही निघालं नाही, म्हणजे माणूस सरकारी नोकरीला अगदीच नालायक होता. कोऱ्या कागदाची परंपरा मात्र टिकली. सभेत सह्या आधी होतात, ठराव नंतर निवांत लिहिला जातो. फरक इतकाच, की त्या वेळी त्यात वजिराचं डोकं गेलं होतं, आता डोकं चालवलेलं असतं.

जमाबंदीत हे सगळं ऐकून माझ्या अंगात आलं. म्हटलं, निदान आपली तरी पट्टी भरून टाकू. पैसे काढले. बिल कलेक्टरनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी त्याला लाचच देतोय.

“काका, उभं राहताय काय?”

आमच्याकडं वेळेवर पट्टी भरणारा एकच प्राणी असतो, तो म्हणजे उमेदवार. 2020 च्या डिसेंबरात राज्यभर पंचायतीच्या निवडणुकीला कागदी मतपत्रिका होत्या, आमच्या बीदर जिल्ह्यात तेवढी यंत्रं. पण यंत्रं आली तरी निवडणुकीच्या आधी पट्टीच्या खिडकीवर रांग आणि नंतर पाच वर्षं शुकशुकाट. मी म्हटलं, नाही रे बाबा, नुसतीच भरतोय. तो विचारात पडला. मग म्हणाला, सर्व्हर नाही.

तेव्हा मीही बाकीत आहे आणि क्षेम आहे. वाचकांना एवढंच सांगणं, की पुढच्या जमाबंदीला आपापल्या गावी जरूर जा, निदान वऱ्हांड्यातल्या कुत्र्याला सोबत होईल. कन्नड येत नसेल तर ज्याला येतं त्याला शेजारी बसवा आणि ‘इतर खर्च’ हे पान आधी उघडायला सांगा. तिथं चहा असतो. तो तुमच्याच पट्टीतला, भरली असली तर. पिऊन या.