जरा उठाव पाहिजे

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बातम्यांत क्युसेकचे आकडे सुरू होतात. सकाळी इतके हजार, दुपारनंतर तितके हजार. नाशिककर ते आकडे गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतो आणि मग शेजाऱ्याला खरा प्रश्न विचारतो, "मारुतीच्या कुठपर्यंत आलं?"

हा मारुती म्हणजे गोदाकाठचा दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की चहा पिऊन सावकाश बघायला जायचं. कमरेला लागलं की भांडीबाजारातल्या आणि सराफबाजारातल्या दुकानदारांनी खालच्या फळीवरचा माल वर चढवायचा. गळ्याशी आलं की बघ्यांना हाकलायला पोलीस येतात. जुनी माणसं याच्याही पुढे जाऊन नारोशंकराच्या देवळातल्या घंटेचे दाखले देतात, पण तो मोठ्या पुराचा हिशेब; रोजच्या वापराला मारुती पुरतो. क्युसेक म्हणजे काय हे मला आजही कुणी नीट विचारू नये. 'छातीपर्यंत' म्हणजे काय, ते मात्र शाळेत न गेलेल्या आजीलाही कळतं.

जगभरातले नामवंत डिझायनर परिषदांमधून सृजनशीलतेबद्दल जे सांगतात, ते ऐकताना मला हा मारुती आठवतो. ही मंडळी बहुधा काळ्या कपड्यांत असतात आणि फार हळू बोलतात. त्यांच्या बोलण्याचं सार असं : वापरणाऱ्या माणसाला आधी समजून घ्या, अनावश्यक ते काढून टाका, आणि स्वतःला मध्ये आणू नका. ब्राऊन कंपनीचे रेडिओ आणि घड्याळं घडवणारे डिटर राम्स तर आयुष्यभर सांगत आले की, डिझाइन जितकं कमी तितकं बरं. आडनावामुळे पंचवटीत त्यांचं स्वागत चांगलं झालं असतं. त्यांच्या सगळ्या कसोट्यांना दुतोंड्या मारुती उतरतो. फक्त मूर्ती घडवणाऱ्याने देव घडवला होता. त्याची मोजपट्टी केली ती काठावरच्या लोकांनी.

1958 च्या सुमारास भारत सरकारने चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी जोडप्याला बोलावून विचारलं, की आमच्या देशाने डिझाइनचं शिक्षण कसं द्यावं? दोघं देशभर हिंडले आणि अहवालात एका वस्तूवर बेहद्द खूश झाले. ती वस्तू म्हणजे तांब्या. त्यात पाणी किती मावावं, तो कमरेवर कसा बसावा, ओतताना धार कशी पडावी, आतून हात घालून घासता यावा का, विकायला काढला तर मोडीचे किती येतील, अशी प्रश्नांची लांबलचक माळच त्यांनी लावली. त्या अहवालातूनच पुढे 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. आमच्या भांडीबाजारात हे सगळे प्रश्न रोज विचारले जातात, फक्त क्रम उलटा असतो. मोडीचा भाव पहिला.

पण नाशिकमध्ये डिझाइनचा विषय काढायचा तर नाशिकरोडला जायला हवं. तिथे 'प्रेस' म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या मनात येत नाही. "मुलगा प्रेसमध्ये आहे" एवढ्या वाक्यावर एके काळी लग्नं ठरत. 1925 साली इथे सिक्युरिटी प्रेस सुरू झाला, टपाल तिकिटं छापू लागला. 1928 पासून नोटा निघू लागल्या, पहिली पाच रुपयांची, पंचम जॉर्जच्या छबीची. त्याआधी आपले पैसे विलायतेत छापून बोटीने येत. स्वातंत्र्यानंतरची एक गंमत सांगण्यासारखी आहे. 1948 मध्ये गांधीजींवरची तिकिटं काढायची ठरली आणि ती छापून आणली स्वित्झर्लंडहून. आयुष्यभर सूत कातलेल्या माणसाचं तिकीट परदेशी छपाईचं. त्या प्रकारच्या छपाईची यंत्रं नाशिकला आल्यावर 1952 मध्ये संतकवींची तिकिटं इथेच निघाली, तेव्हा कुठे कबीर आणि तुलसीदास घरी छापले गेले.

नोट हे डिझाइन म्हणून बघायला आपल्याला सवड नसते; असते तेव्हा नोट नसते. तरी एकदा शंभराची नोट उन्हात धरून पाहावी. कडेला चार तिरप्या रेषा आहेत आणि उठावाच्या छपाईतला त्रिकोण. पाचशेवर पाच रेषा आणि वर्तुळ. डोळ्यांनी दिसत नाही त्याला बोटांनी रक्कम कळावी म्हणून केलेली ही योजना. 'जरा उठाव पाहिजे' असं प्रत्येक गिऱ्हाईक डिझायनरला सांगत असतं. इथे तो उठाव खरोखर लागतो. गांधीजींचं चित्र ज्या छायाचित्रावरून घेतलंय ते 1946 चं. मूळ फोटोत त्यांच्या शेजारी ब्रिटिश मंत्री लॉर्ड पेथिक-लॉरेन्स उभे आहेत. कुणीतरी कात्री चालवली आणि साहेब बाहेर गेले. कुणाला ठेवायचं आणि कुणाला वगळायचं, ही या व्यवसायातली निम्मी सृजनशीलता. उरलेली निम्मी मिलिमीटरची. जुनी पाचशेची नोट 73 मिलिमीटर रुंद होती. 2016 ची नवी 66. त्या सात मिलिमीटरपायी देशभरातल्या एटीएमचे कप्पे नव्याने जुळवावे लागले आणि आपण सगळे रांगेत उभे राहून डिझाइनचा विचार करत होतो, अर्थात वेगळ्या शब्दांत.

त्या नोटेवर सही असते गव्हर्नरांची. चित्र रेखणाऱ्याची, अक्षरं आखणाऱ्याची, साचा कोरणाऱ्याची नसते. हे मला आधी फार उदात्त वाटायचं. कोट्यवधी लोक रोज ज्याचं काम मोजतात, खिशात ठेवतात, देवापुढे वाहतात, त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही! केवढी ही निरिच्छा. अलीकडे शंका येते की निरिच्छा वगैरे काही नसावी, नियमच तसा असावा.

कारण ज्यांची नावं कळू शकतात त्यांचीही आपण लक्षात कुठे ठेवतो? सरकारी कचेऱ्यांतल्या संगणकांवर वर्षानुवर्षं जो 'मंगल' फॉन्ट दिसत आला, तो र. कृ. जोशींनी घडवला. जोशी जाहिरातीत मुरलेले, पुढे आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवणारे, अक्षरांचीच कविता करणारे. 2008 मध्ये ते गेले. बदलीचा आदेश 'मंगल'मध्ये वाचून हबकलेल्या माणसाला त्यांची आठवण यावी अशी अपेक्षा नाही, पण निदान बढतीच्या आदेशाच्या वेळी यायला हरकत नव्हती. त्याच सेंटरमधल्या डी. उदय कुमार यांनी रुपयाचं चिन्ह केलं. तीन हजारांहून अधिक नमुन्यांतून ते निवडलं गेलं आणि 15 जुलै 2010 ला मंत्रिमंडळाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. आमच्या भाजीवाल्याच्या पाटीवर ते चिन्ह आहे, पुढे 'रु.' आहे आणि शेवटी तिरकी रेघ व आडवी रेघही आहे. तिन्ही पिढ्या सुखाने नांदताहेत. कमल शेडग्यांची गोष्ट तर आणखी मजेची. 'मत्स्यगंधा'सारख्या नाटकांची नावं त्यांनी अशी रेखली की जाहिरातीतली चार अक्षरं बघून नाटकाचा बाज कळावा. नाटक पडलं तरी अक्षरं चालायची.

हल्ली या व्यवसायात पदांची नावं दर सहा महिन्यांनी बदलतात. भाच्याच्या कार्डावर जे लिहिलंय ते वाचून, तो नक्की काय करतो हे विचारायचं धाडस आमच्या घरात कुणाला झालं नाही. पण त्र्यंबकेश्वरला 1870 मध्ये जन्मलेल्या धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळक्यांच्या कार्डावर काय लिहिलं असतं? जे. जे. मध्ये चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, छायाचित्रण, शिळाप्रेस, छापखाना. मधल्या काळात आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने जादूचे प्रयोग. मग 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आणि 1918 मध्ये नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी. व्यवसाय बदलतोय म्हणून धास्तावलेल्या पोरांना मी दादासाहेबांकडे बोट दाखवतो. आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई? रात्री जागून फिल्मला भोकं पाडायची, रसायनं कालवायची आणि सगळ्या युनिटचा स्वयंपाक करायचा, या पदाला आजच्या कार्डांतही नाव सापडलेलं नाही.

आता तर यंत्रच चित्र काढून देतं म्हणतात. म्हणून मी आमच्या चौकातल्या फ्लेक्सवाल्याला विचारलं. भिंती रंगवणारे पेंटर फ्लेक्सने घालवले; आता फ्लेक्सवाल्याला कोण घालवतंय, असा माझा थोडा खवचट हेतू होता. तो कोरल ड्रॉवर कुणा भावी नगरसेवकाचा वाढदिवस जुळवत होता. वर मोठे साहेब, त्यांच्याखाली मधले साहेब, बाजूला गोल चौकटींत वीस शुभेच्छुक. कोणाचा चेहरा किती सेंटिमीटर, याचा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का होता.

"काका, चित्र झकास काढतं ते," तो म्हणाला. "2027च्या सिंहस्थाचं बॅनर सांगितलं, तर घाट, साधू, दिवे, सगळं काढलं. फक्त 'सिंहस्थ' लिहायला सांगितलं तर जोडाक्षराचा पार चिवडा केला. ते मी नीट करतो. पण मधल्या साहेबांचा फोटो मोठ्या साहेबांच्या खांद्याच्या किती खाली घ्यायचा, हे त्याला कोण सांगणार? चुकलं तर समजूत काढायला ते येणारे का?"

डिटर राम्सांनाही हे उत्तर देता आलं नसतं. मी गप्प बसलो. त्याने शुभेच्छुकांचे गोल पुन्हा एकदा सारखे केले, 'हार्दिक' जरा फुगवलं आणि अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत आपल्या दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर टाकला. शेजारी उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्याला ते लगेच दिसलं.

"हे कशाला? काढ ते."

"राहू द्या ना भाऊ."

"मग दोनशे कमी कर."

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी शंभरावर तुटलं आणि नाव राहिलं.