पाणी तुमचं, फोन तुमचा, जाहिरात त्यांची

पावसाळा लागला की उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये दोन गोष्टी हमखास दिसतात. रस्त्यात तुंबलेलं पाणी आणि मोबाइलच्या दुकानाच्या काचेवर पाण्यात डुंबणारा फोन. पहिल्याची तक्रार महापालिकेकडे जाते. दुसऱ्याचा हप्ता सुरू होतो.

काउंटरवरचा पोरगा छातीठोक सांगतो, "दादा, आयपी ६८ है. पानी में डालो, कुछ नहीं होगा." दादा खूश. कुठल्या पाण्यात, किती वेळ आणि झालंच काही तर भुर्दंड कोणाला, हे दादा विचारत नाहीत.

कमाल आहे. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ज्या गावाने साऱ्या देशाला पुरवला, त्या गावाने लेबलावर विश्वास ठेवावा?

तर हे आयपी प्रकरण. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पाण्याचा ७ म्हणजे एक मीटर खोल, ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कडक. किती कडक? ते कंपनीच ठरवते. पेपर काढणारा आणि देणारा एकच असला, तर पहिल्या वर्गात कोण येणार नाही?

२०१६ चा गॅलेक्सी एस ७ घ्या: दीड मीटर, ३० मिनिटं. २०२० चा आयफोन १२ घ्या: सहा मीटर, ३० मिनिटं. खोलीत चौपट फरक.

आकडा दोघांचाही ६८.

शिवाय ही परीक्षा प्रयोगशाळेत होते. फोन कोरा करकरीत. पाणी गोडं, स्वच्छ, संथ. आता हाच फोन घेऊन वालधुनी नदीच्या काठी या. तिच्यात रसायनं सोडली जातात, हे कोर्टापासून कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पाण्यासाठी कुठल्या खोक्यावर कुठला आकडा छापलाय?

नदी राहू द्या, घरातली बादली घ्या. तिच्यात साबण असतो. साबणाचं पाणी, समुद्राचं पाणी, तरणतलावातलं क्लोरीन, यांपासून फोन लांब ठेवा, असं कंपन्याच बारीक अक्षरात सांगतात. जाहिरातीतला तो देखणा तरुण फोन घेऊन सूर मारतो, तो मग कशात?

आणखी एक गंमत. बुडवण्याची परीक्षा वेगळी, फवाऱ्याची वेगळी. ६८ मिळालेला फोन फवाऱ्यापुढे टिकेलच असं नाही. म्हणून आता काही कंपन्या ६६, ६८ आणि ६९ असे तीन-तीन आकडे छापतात. यातला ६९ गरम पाण्याच्या जोरदार माऱ्याचा. विठ्ठलवाडी स्टेशनवर पत्र्याखालून आडवी येणारी सर यांपैकी कशात बसते, ते रेल्वेने एकदा जाहीर करावं.

बरं, पाणी अडवतं कोण? आतली रबराची पातळ पट्टी आणि थोडा गोंद. फोन दोनदा आपटला, दोन उन्हाळे खाल्ले, की गोंदही दमतो. आणि गल्लीत स्वस्तात डिस्प्ले बदलून घेतलात तर विषयच संपला. "सील एकदम कंपनीसारखं लावलंय," असं दुरुस्तीवाला सांगतो. त्याच्याकडे मीटरभर खोल पाण्याची टाकी आहे का, हे विचारायचं राहून जातं.

आता खरी मजा. वॉरंटीचा कागद.

पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, असं बहुतेक कंपन्या त्यावर लिहितात. म्हणजे पाणी आत जाणार नाही, याची खात्री कंपनीला आहे. गेलंच तर पैसे देण्याइतकी नाही.

शिवाय आत एक गुप्तहेर बसवलेला असतो. अनेक फोनमध्ये सिमच्या खाचेत एक बारीक पांढरी पट्टी असते. पाणी लागलं की ती लाल होते. सर्व्हिस सेंटरवाला टॉर्च मारून आत डोकावतो, लाल दिसलं की फोन परत. पाणी अडवण्यात चुकारपणा झाला तरी चालेल, चुगली मात्र चोख हवी.

इटलीत २०२० मध्ये नेमक्या या दुटप्पीपणावर बोट ठेवलं गेलं. जाहिरातीत पाणी आणि वॉरंटीत नन्ना, म्हणून तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने ॲपलला १ कोटी युरो दंड केला. ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये सॅमसंगला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागले. जाहिरातीत फोन तरणतलावात आणि समुद्रात. प्रत्यक्षात ओला फोन चार्जिंगला लावला की चार्जिंगची खाच गंजण्याचा धोका.

आपल्याकडे? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दंड जास्तीत जास्त १० लाख रुपये. म्हणजे साधारण सात महागडे फोन. एवढे तर उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना वाटून होतात.

आता तांदूळ. भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात खुपसणं हा घराघरातला उपचार. तांदळाचे कण आत जाऊन नुकसान होऊ शकतं, तेव्हा हे करू नका, असं ॲपलनेच २०२४ मध्ये सांगितलं. फोन बंद करा, चार्जिंगची खाच खाली धरून हलकेच झटका, वारा लागू द्या, वाळेपर्यंत चार्जरला हात लावू नका. पण यात आजीला सांगण्यासारखं काही नाही, म्हणून डबा उघडतोच.

आणि पाणी आपल्याला नवीन आहे का? २७ जुलै २०१९. उल्हास नदी फुगली आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली. डब्यांत हजारावर माणसं, बाहेर चोहीकडे पाणी. डब्यातल्या फोनमधून व्हिडिओ बाहेर आले, देशाने पाहिले, हळहळला. माणसं बाहेर कशी आली? बोटीतून. एनडीआरएफचे जवान, नौदल, गावकरी यांनी काढली.

पाण्यात चालतं म्हणून जे सांगितलं होतं आणि खरंच चाललं, ते एवढंच: बोट.

मान्य, आकडा अगदीच फोल नाही. कटिंग सांडला, भुरभुर पावसात फोन उचलला, तर तो तगतो. तेवढ्यासाठी शाबासकी द्या. पण तेवढंच सांगून महागडा फोन खपला असता का?

म्हणून या पावसात दुकानात एकच काम करा. "शेठ, पाणी शिरलं तर फुकट दुरुस्ती, एवढं बिलावर लिहून द्या." शेठ लगेच कव्हर दाखवायला लागतील. मग बाहेर या. स्टेशनच्या रस्त्यावर गळ्यात अडकवायच्या प्लास्टिकच्या पिशव्या टांगलेल्या असतात. त्यांच्यावर आकडा नाही, सूर मारणारा तरुण नाही, बारीक अक्षरही नाही.

आणि पिशवी फाटकी निघाली, तर विकणारा बदलून देतो.