भिवंडीचा पाणबुड्या

भिवंडीचा पाणबुड्या हा वर्षातून एकदा, एकट्याने आणि आगाऊ पैसे भरून बुडणारा मनुष्य होय. तो तिशीच्या आसपास असतो, त्याचे लग्न ठरत आलेले किंवा नुकतेच फिसकटलेले असते, आणि नोकरी बहुधा मानकोली, दापोडे, राहनाळ या पट्ट्यातल्या एखाद्या गोदामात असते. वडिलांचे यंत्रमाग असतात किंवा होते. मुलगा त्या खटखटाटातच वाढतो. पण २०१७ च्या जीएसटीनंतर गोदामांचे पेव फुटले तेव्हा तो मागापासून उठून बारकोडच्या यंत्रापाशी जाऊन उभा राहतो. रोज अंजूरफाट्यावर ट्रकांच्या रांगेत अडकता अडकता त्याला समुद्र दिसू लागतो. ही पहिली अवस्था.

या गावाचा पाण्याशी संबंध तसा जुना, पण लांबूनचा. मुंबईला पिण्याचे पाणी नेणारे, आत माणूस ताठ उभा राहील एवढे नळ याच तालुक्यातून जातात. ते बाहेरून बघायचे. कामवारी नदी पुलावरून बघायची. वऱ्हाळदेवीच्या तलावाकडे संध्याकाळी फेरी मारायला जायचे. गरम पाण्याची सुट्टी म्हणजे वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी नवस फेडून देवीचे देऊळ बांधले, तेव्हापासून आजवर तिथे कोणी एकटा गेल्याचे ऐकिवात नाही. टेम्पो ठरतो, आत्या येते, आत्याच्या जावाही येतात. कुंडातले पाणी अंगाला सोसत नाही म्हणून पुरुष मंडळी काठावर बसून पाय सोडतात आणि सांधे मोकळे झाल्याचे एकमेकांना सांगतात. पाणी अंगावर घ्यायचे असते, पाण्यात जायचे नसते, हा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

तो मोडला २०११ साली. त्या वर्षीच्या ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ या चित्रपटात हृतिक रोशन स्पेनच्या समुद्रात बुडी मारतो आणि वर आल्यावर त्याचे डोळे भरून येतात. गहिवरायला स्पेनपर्यंत जाणे भिवंडीकराला परवडणारे नव्हते, पण मालवण आवाक्यात होते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास होड्यांतून नेऊन पर्यटकांना पाण्याखाली फिरवून आणण्याचा धंदा तोवर तिथे रुजू लागला होता. यात पर्यटकाने काहीच करायचे नसते. पाठीला टाकी बांधतात, प्रशिक्षक ती टाकी मानेपाशी धरून त्याला खाली नेतो, माशांमध्ये त्याचा व्हिडिओ काढतो आणि पंधरा-वीस मिनिटांत वर आणून सोडतो. ऑफिसच्या सहलीत हे एकदा केले की बाकीचे व्हिडिओ स्टेटसला लावून मोकळे होतात. पाणबुड्या मात्र परतीच्या गाडीत गप्प बसतो. आपल्याला सामानासारखे उचलून नेले, हे त्याला लागलेले असते. सामान उचलणे-ठेवणे हा त्याचाच धंदा असल्यामुळे जरा जास्तच लागते.

मग प्रमाणपत्राचा शोध सुरू होतो. जगभर चालणाऱ्या प्रमाणपत्रांत पॅडी या १९६६ साली अमेरिकेत निघालेल्या संस्थेचे नाव मोठे. तिचा पहिला पक्का टप्पा म्हणजे ओपन वॉटर डायव्हर. तो झाला की जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत खाली जाण्याची मुभा मिळते. महाराष्ट्रात त्यासाठी तारकर्ली हे ठिकाण आहे. पर्यटन विकास महामंडळाने तिथे स्कूबाची स्वतंत्र संस्था काढली असून समुद्रात सोडण्यापूर्वी शिकवण्यासाठी खास खोल तलाव बांधला आहे. फी पाच आकडी. घरी ती सांगितल्यावर आई एवढेच विचारते, “बुडायचे पैसे ते देणार का आपण द्यायचे?” वडील काही बोलत नाहीत, त्या पैशात मागाची किती दुरुस्ती झाली असती याचा हिशेब ते मनात करत असतात, आणि तो चेहऱ्यावर दिसतो.

वैद्यकीय अर्ज हा पहिला अडथळा. दमा, फिट, हृदयविकार, कानाची दुखणी असे प्रश्न ओळीने असतात आणि पाणबुड्या ओळीने ‘नाही’वर खुणा करत सुटतो. मागून आईचा आवाज येतो, “चौथीत असताना कान फुटला होता की तुझा!” कानाचा प्रश्न इथे फार महत्त्वाचा असतो. खाली जाताना पाण्याचा दाब वाढतो, दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, आणि पडद्याच्या आतबाहेरचा दाब सारखा केला नाही तर कान ठणकू लागतो. उपाय सोपा: नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे, आणि ठणका लागण्याआधीच फुंकायचे. घरच्या डॉक्टरांचा दाखला घेऊन पाणबुड्या गोदामात, रिक्षात, पंगतीत बसल्या बसल्या नाक धरून सराव करू लागतो. पंगतीत त्याचा गैरसमज होतो.

एकट्याने जाणे हा या व्यक्तिमत्त्वाचा गाभा. दोन खोल्यांत सात माणसे, कारखान्यात आवाज, गोदामात वॉकीटॉकी, यातून सुटून चार दिवस कोणाशीही बोलायचे नाही असे ठरवून तो रात्रीची कोकणकन्या ठाण्याला पकडतो आणि सकाळी कुडाळला उतरतो. तोवर घरून सात फोन आलेले असतात. मालवणात खोली घेताना ‘एकटेच?’ या प्रश्नाला त्याला तीनदा उत्तर द्यावे लागते, कारण एकटा पुरुष किनाऱ्यावर राहायला आला की मालकाला नाही नाही त्या शंका येतात. संस्थेत मात्र पहिल्याच तासाला त्याला सांगतात की पाण्याखाली एकट्याने कधीही जायचे नाही. प्रत्येकाला एक जोडीदार, ज्याला तिथे बडी म्हणतात. हवा संपली तर त्याच्याकडची घ्यायची, पट्टे त्याने आपले तपासायचे, आपण त्याचे. एकांतासाठी पाचशे किलोमीटर आलेल्या माणसाला हा मोठाच धक्का असतो. जोडीदार म्हणून बहुधा सांगलीकडचे एखादे निवृत्त बँक अधिकारी मिळतात. ते कर्जाची कागदपत्रे तपासावीत तसे त्याचे बक्कल दोनदा तपासतात आणि पोहण्यात त्याला सहज मागे टाकतात. रात्री आईचा फोन येतो.

“बरोबर कोण आहे?”

“बडी आहे. सांगलीचे.”

“ची का चे?”

“चे.”

फोन लगेच वडिलांकडे जातो.

पोहण्याची परीक्षा या मानाने सोपी जाते. न थांबता २०० मीटर पोहायचे, वेळेचे बंधन नाही, हातपाय कसेही मारा. मग दहा मिनिटे तरंगून दाखवायचे. पाठीला डबा बांधून गावच्या विहिरीत शिकलेला माणूस यात नापास होत नाही, फक्त पाणी फार उडवतो. खरी पंचाईत मास्कची. तलावाच्या तळाशी गुडघ्यांवर बसून मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून घ्यायचे, मग त्याची वरची कड कपाळावर दाबून, मान जरा वर करून नाकाने फुंकायचे, की पाणी खालून निघून जाते. तोंडाने श्वास घ्यायचा आणि नाकाने सोडायचा, एवढेच. पण नाकाशी पाणी आले की शहाण्यासुरत्या माणसाचेही नाक आपण होऊन श्वास घेते. पहिल्या खेपेला पाणबुड्या तलावाचे पाणी पितो. दुसऱ्या खेपेला प्रशिक्षकाला धरतो. तिसऱ्या खेपेला जमते, आणि त्याला वाटते हृतिक इथेच रडला असणार.

श्वास कधीही रोखायचा नाही, हा या शास्त्रातला सर्वांत मोठा नियम. खाली दाबाखाली घेतलेली हवा वर येताना फुगते. श्वास रोखून वर आलेल्या माणसाचे फुप्फुस फाटू शकते. टाकीत ऑक्सिजन असतो ही लोकांची समजूतही तिथेच मोडते. साध्या सहलीच्या टाकीत आपली नेहमीचीच हवा असते, गाळलेली आणि २०० बारपर्यंत दाबून भरलेली. ती किती पुरेल हे माणसाच्या घाबरण्यावर अवलंबून. सांगलीकर पाऊण तास काढतात, पाणबुड्याचा काटा अर्ध्या तासात लाल खुणेवर येतो. गोदामात महिनाअखेरीला साठा कसा पुरवायचा हे उत्तम ठाऊक असलेला हा माणूस स्वतःच्या हवेचा साठा मात्र पहिल्या दहा मिनिटांत उडवतो.

एका विषयात तो सर्वांच्या पुढे असतो, तो म्हणजे खुणा. यंत्रमागाच्या शेडमध्ये माग चालू असताना बोलून उपयोग नसतो. सूत तुटले, कांडी संपली, बीम उतरला, चहा आला, मालक आला, हे सारे हातांनी कळवावे लागते. त्यामुळे पाण्याखालची मुकी भाषा शिकायला इतरांना दिवस लागतो तिथे त्याला तास पुरतो. अडचण एकाच खुणेची. शेडमध्ये अंगठा वर केला की ‘झकास, चालू दे’. पाण्यात त्याचा अर्थ ‘वर चला’. समुद्रातल्या पहिल्या बुडीत प्रशिक्षक खुणेने विचारतो, ठीक आहे ना? पाणबुड्या खुशीत अंगठा दाखवतो. प्रशिक्षक त्याला सावकाश वर आणतो.

“काय झालं?”

“कुठं काय? मस्त चाललंय म्हणत होतो.”

पुन्हा खाली. खडकाच्या कपारीत हातभर लांबीचा गोब्रा दिसतो. बाजारात किलोला काय भावाने जाईल याचा अंदाज बांधून पाणबुड्या सांगलीकरांना तो बोटाने दाखवतो आणि कौतुकाने अंगठा वर करतो. पुन्हा तिघे वर. तिसऱ्या फेरीत प्रशिक्षक त्याचा अंगठा आपल्या मुठीत धरून पोहतो.

समुद्रातल्या चार बुड्या आणि लेखी परीक्षा झाली की कार्ड मिळते. त्याला मुदत नसते, ते आयुष्यभर चालते. पाणबुड्याचे खरे आयुष्य इथून सुरू होते. पाण्याखाली त्याचे एकूण दोन-तीन तास गेलेले असतात. पाण्यावरचे बोलणे पुढे वर्षभर पुरते. धामणकर नाक्यावरच्या चहात कोणी ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हणाले की तो कप खाली ठेवतो. मालवणला व्हिडिओ काढून आलेल्या मित्राला ‘ते डायव्हिंग नव्हे’ असे सौम्यपणे सांगतो. बुड्यांच्या नोंदवहीत खोली, वेळ आणि पाण्याचे तापमान गोदामाच्या आवक-जावक रजिस्टरच्या शिस्तीने भरलेले असते, आणि पाहुण्यांना फराळाआधी ती दाखवली जाते.

कीर्ती वाढली की मागण्याही वाढतात. सोसायटीच्या तळटाकीत पंपाचा फूटव्हॉल्व्ह निसटून पडतो आणि सगळे जण त्याच्या दाराशी येतात. पाणबुड्या टाकीचे झाकण उघडून बॅटरी मारतो, बराच वेळ आत पाहतो आणि समजावून सांगतो की वर छत असलेल्या जागेत शिरायला आपल्या प्रमाणपत्राने परवानगी नाही, त्यासाठी गुहेतल्या बुडीचे वेगळे शिक्षण लागते. शिवाय बडीही नाही. चेअरमनसाहेब पाणी किती आहे विचारतात. पाच फूट. सगळे गप्प होतात. शेवटी वॉचमन दोरीला आकडा बांधून व्हॉल्व्ह काढतो. तांत्रिकदृष्ट्या पाणबुड्याचेच म्हणणे बरोबर असते, हे इथे नोंदवले पाहिजे. बंद टाकीत उतरणे खरोखरच धोक्याचे. पण त्या दिवशी ते ऐकून घ्यायला कोणी थांबत नाही.

पुढचा टप्पा ॲडव्हान्स्डचा, त्यात ३० मीटरची मुभा मिळते. त्यासाठी अंदमानातले स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, किंवा मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट यांची चौकशी सुरू होते. कान्होजी आंग्र्यांचे नाव लावणारी, विजयदुर्गापासून शंभरएक किलोमीटर आत समुद्रात बुडालेली आंग्रिया बँकही बोलण्यात येऊ लागते. फार थोडे तिथवर पोहोचतात. मधे लग्न ठरते. बायोडेटात ‘छंद : स्कूबा डायव्हिंग’ असे लिहिलेले असते, आणि मुलीकडचे त्याचा अर्थ ‘पगार बरा आहे’ असा लावतात. लग्नानंतर बहुतेकांचे कार्ड पाकिटात आधार कार्डामागे जाऊन बसते. काहींची बायको मात्र हट्टाने तारकर्लीला येते, मास्कमधले पाणी पहिल्याच खेपेला काढते आणि टाकी पाऊण तास पुरवते. त्यानंतर घरात कार्डे दोन होतात आणि धामणकर नाक्यावरचे व्याख्यान बंद पडते.