मुंबईत वेळ कशी विचारावी (नवशिक्यांसाठी)

ही मार्गदर्शिका १९०६ नंतरच्या मुंबईत जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे. तिथवर कसं जायचं ते तुमचं तुम्ही बघा. पोचल्यावर काय करायचं तेवढं आम्ही सांगतो.

सर्वांत आधी, ‘किती वाजले?’ असं कुणाला विचारू नका. नवखे आहात हे लगेच कळतं. ‘कुठल्या टायमाने?’ असा उलटा प्रश्न येईल आणि तुम्ही तोंड उघडं टाकून उभे राहाल. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने स्टँडर्ड टाइम आणला, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढचा. मुंबईचा स्वतःचा टाइम मात्र चार तास एक्कावन्न मिनिटं पुढचा. म्हणजे सूर्य गिरगावच्या डोक्यावर आला की मुंबई टाइमने बारा आणि स्टँडर्डने बारा एकोणचाळीस. (वर्षभरात सूर्य दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे करतो. त्याला कोण विचारणार?)

गाडी पकडायची असेल तर बोरीबंदरचं घड्याळ बघा. रेल्वे मुंबईच्या टायमावर कधी फारशी विसंबली नाही. स्टँडर्ड येण्याआधी ती मद्रास टायमाने धावायची. म्युनिसिपालटीत काम असेल तर घाई नको. फिरोजशहा मेहतांच्या या म्युनिसिपालटीने मुंबई टाइम लावून धरलाय आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं ती तो सोडणार नाहीये. लग्नाला जात असाल तर पत्रिकेवरचा टाइम कुठला, ते यजमानांना विचारून ठेवा. भटजींना मात्र विचारू नका. ते घंगाळात घटिकापात्र सोडून बसलेत. तळाच्या बारीक भोकातून पाणी आत शिरतं, पात्र बुडालं की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं. मोजणी सूर्योदयापासून, लाटसाहेबाचा हुकूम त्या पाण्याला लागू नाही.

परळ-लालबागला जाताना घड्याळ खिशातच ठेवा. तिथे भोंगा वाजतो आणि माणसं निघतात. इथे जरा जपून बोला. भिंतीवरचा काटा साहेबाने एकोणचाळीस मिनिटं पुढे सरकवला, तर मागावरच्या माणसाला तितकंच आधी, तितक्याच जास्त अंधारात उठावं लागतं. घड्याळ पुढे गेलं, पगार होता तिथेच. विजेचे दिवे येऊन काही गिरण्यांचे तास आधीच लांबले होते. त्या जानेवारीत काही हजार कामगार माग सोडून बाहेर पडले आणि गिरणीवर दगड पडले. ‘नुसता आकड्यांचा तर बदल आहे’ असं तिथल्या चहाच्या दुकानात म्हणू नका.

१९४२ ते ४५ या काळात उतरलात तर देव तुमचं भलं करो. लढाईसाठी सरकारने स्टँडर्ड आणखी एक तास पुढे ढकललाय. मुंबई टायमापासून अंतर एक तास एकोणचाळीस मिनिटं. उशिरा पोचणाऱ्याला इतकी भरभक्कम सबब पुन्हा कधी मिळाली नाही.

आजच्या दादरला राहणाऱ्यांनी निर्धास्त होऊ नये. संकष्टीला नागपूरची बहीण मोदक खाऊन आंचवते, तेव्हा आपण गच्चीत चंद्राची वाट बघत असतो. वीस-पंचवीस मिनिटांचा फरक. टॉवर आडवा आला तर जास्त. दोघींचं घड्याळ एकच असून काही उपयोग नाही, चंद्रोदय आपापल्या गावाचा बघावा.

लेक न्यू जर्सीला असेल तर नोव्हेंबरचा पहिला रविवार कॅलेंडरवर खूण करून ठेवा. त्या दिवशी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत पुढे येतात. तिकडच्या सकाळी नऊचा फोन इतके दिवस आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला यायचा, तो आता साडेसातला येणार, म्हणजे ऐन सीरियलमध्ये. आजींना डेलाइट सेव्हिंग समजावण्याच्या फंदात पडू नका. त्यांचं उत्तर ठरलेलं आहे: ‘त्याला म्हणावं, आठला उठ आणि फोन कर. आम्ही इथे काही मागेपुढे करणार नाही.’