बल्लवाचा डाव

आमच्या गल्लीत एक वयस्कर पैलवान आहेत. कुस्तीत चुरगळलेले कान, दाराच्या चौकटीएवढे खांदे आणि बोलणं मात्र लोण्यासारखं. गेल्या रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो, तर आज्जा आणि नातू टीव्हीपुढं मांडी घालून बसलेले. पडद्यावर ‘द इन्क्रेडिबल्स’ चालू होता. एके काळचा महावीर आता विमा कंपनीत कारकुनी करतोय आणि आपलं अवाढव्य धूड एवढ्याशा मोटारीत कोंबून घरी निघालाय. नातू हसत होता. आज्जा तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

“पैलवान, कार्टून बघायलाय व्हय?” मी विचारलं.

“कार्टून कुठलं? ह्यो मीच हाय की. रिक्षात बसताना.”

‘कार्टून म्हणजे पोरखेळ’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला पैलवानांच्या शेजारी नेऊन बसवायचं आहे. तासाभरात मत बदलेल. नाही बदललं, तर त्या माणसाचं हसणं कुठंतरी सांडलंय, आणि ते शोधायला त्यानं आजच निघावं.

एकच चित्रपट आठ वर्षांच्या पोराला आणि सत्तरीच्या म्हाताऱ्याला एकाच जागी कसा हसवतो? माझं उत्तर असं : मुलाला वाटतं, माझ्यात मोठी शक्ती आहे, अजून कुणाला कळलेली नाही. मोठ्या माणसाला वाटतं, माझ्यातही शक्ती होती, आता कुणाच्या लक्षात राहिलेली नाही. दोघांचंही गुपित एकच. पडद्यावरचा सुपरहिरो धडपडतो, अडकतो, पोट आत ओढतो, तेव्हा ते गुपित फुटतं आणि दोघं एकदम हसतात.

ब्रॅड बर्डनं 2004 मध्ये हा चित्रपट केला तेव्हा शक्तींची वाटणीच मोठ्या मायेनं केली. बापाला बळ दिलं, कारण घरानं बापाकडून तेच मागितलेलं असतं. आईला रबरासारखं ताणलं जाण्याची शक्ती, कारण आईला चारी बाजूंनी ओढतातच. वयात येणारी मुलगी अदृश्य होऊ शकते, कारण त्या वयात तेवढंच हवं असतं. पोरगा वाऱ्यासारखा पळतो, कारण पोरं एका जागी बसत नाहीत. हिंदीत तो ‘हम हैं लाजवाब’ या नावानं आला, तेव्हा बापाचा आवाज शाहरुख खानचा आणि पोराचा आवाज त्याच्या खऱ्याखुऱ्या मुलाचा, आर्यनचा होता. हे सुपरहिरोंचं घर आहे खरं, पण नीट बघितलं तर ते आपलंच घर आहे.

आता कोल्हापूरकरांना उद्देशून.

त्या चित्रपटात सरकार सुपरहिरोंना नाव बदलून, कपडे बदलून, साध्या वस्तीत साधी नोकरी करत राहायला लावतं. ओळख उघड करायची नाही. आपल्या भाषेत याला अज्ञातवास म्हणतात. विराटाच्या घरी भीम बल्लव नावानं आचारी झाला होता. हजारो हत्तींचं बळ अंगात आणि हातात गदेऐवजी डाव. अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नाच शिकवत होता. जगातला सगळ्यात मोठा धनुर्धर आणि पायात घुंगरू! सुपरहिरोला स्वयंपाकघरात उभं करून गंमत आणण्याची युक्ती आपल्याकडं केव्हाची आहे. आणि बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवून, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून पहिला चित्रपट पडद्यावर आणला, तो 1920 चा ‘सैरंध्री’. म्हणजे अज्ञातवासाचीच गोष्ट. भीमानं केलेल्या कीचकवधाचं दृश्य इतकं खरं वाटलं की लोक हादरले आणि ते कापावं लागलं. कोल्हापूरच्या सिनेमाचा श्रीगणेशाच एका लपलेल्या सुपरहिरोनं झाला आहे. ही गोष्ट आपल्या पोरांना कुणी सांगितली?

पुढची तारीख बघा. जानेवारी 1929 मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रातल्या चित्रमालेत पॉपाय नावाचा खलाशी उगवला. एक डोळा मिटलेला, तोंडात चिलीम, बोलणं अडखळतं आणि ताकद अचाट. पालक त्याच्या पोटात पुढं गेला. त्याच वर्षी 1 जूनला शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी या पाच जणांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. सुपरमॅन आला 1938 मध्ये. म्हणजे हसवणारा बलवान आधी आणि छाती पुढं काढून उडणारा गंभीर बलवान नऊ वर्षांनी. विनोद हा सुपरहिरोला नंतर लावलेला रंग नव्हे. पायाच तो आहे. आणि प्रभातनं 1933 मध्ये पुण्याला बिऱ्हाड हलवल्यावर काय केलं? ‘जंबुकाका’ हा ॲनिमेशनपट केला, एका कोल्ह्याचा! संतांचे आणि समाजाचे थोर चित्रपट काढणाऱ्या कंपनीला कोल्हा हलवून हसवायला कमीपणा वाटला नाही. तो आपल्यालाच का वाटतो?

तालमीत चला. कोल्हापूरच्या कुठल्याही तालमीत शिरलात की आखाड्याच्या शेजारी शेंदूर लावलेला मारुती दिसणारच. पोरं लाल माती कपाळाला लावून आधी त्याला हात जोडतात. या मारुतीची गोष्ट आठवा. जन्मल्या-जन्मल्या सूर्याला फळ समजून झेप घेतली. ऋषींच्या आश्रमात इतक्या खोड्या काढल्या की शाप मिळाला : तुझी शक्ती तूच विसरशील, कुणी आठवण करून देईपर्यंत. म्हणून समुद्राच्या काठी सगळे उडीची भाषा करत असताना उडी मारू शकणारा एकटाच गप्प बसून होता. जांबवंतानं सांगितल्यावर त्याला कळलं, की अरे, हे तर मला येतं! खोडकर, विसराळू, अचाट ताकदीचा आणि लेकरासारखा निर्मळ. यापेक्षा मोठा विनोदी सुपरहिरो कुणी मला दाखवावा.

समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी दोन आपल्या जिल्ह्यात आहेत, मनपाडळ्याला आणि पारगावला. पारगावची मूर्ती अकरांत सगळ्यांत लहान, जेमतेम दीड फुटाची. बळाच्या देवाला एवढुसं घडवणाऱ्या परंपरेला लहानपणातली ताकद पुरती ठाऊक होती. व्ही. जी. सामंतांनी 2005 मध्ये ‘हनुमान’ हा पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट केला, तेव्हा पोरांनी त्यातल्या बाळमारुतीला उचलून धरलं. 2007 च्या पुढच्या भागात तर मारुती खेड्यातला शाळकरी पोरगा झाला. देवळात बसलेला देव पोरांच्या बाकावर येऊन बसला आणि कुणाची श्रद्धा बुडाली नाही.

कारण आपल्या मातीची श्रद्धा हसण्याला घाबरत नाही. तमाशात गणात गणपतीला वंदन होतं आणि लगेच गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी खुद्द कृष्णाची फिरकी घेतात. पेंद्या त्यात तेल ओततो, मावशी डोळे वटारते. समोर बसलेला भाविक शेतकरी पोट धरून हसतो आणि घरी जाऊन त्याच कृष्णापुढं दिवा लावतो. ज्याच्याशी हसता येतं त्याच्याशीच नातं जुळतं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

मग आजच्या निर्मात्यांना थेट विचारतो. मराठी मुलांसाठी ॲनिमेशन करायचं म्हटलं की तुम्हाला हात जोडून उभा राहणारा नायकच का दिसतो? मागं शंख, पुढं प्रवचन, शेवटी बोध. ‘इन्क्रेडिबल्स’मधली ठेंगणी शिंपीण एडना आठवा. सुपरहिरोच्या पाठीवर केप शिवायला ती ठाम नकार देते. का, तर एकाची केप क्षेपणास्त्राच्या पंखात अडकली, एकाची लिफ्टमध्ये, एकीची विमानाच्या यंत्रात, आणि सगळे जिवानिशी गेले. आपण केपच्या जागी शाली घातल्या आहेत. एकावर एक इतक्या शाली, की आतल्या वीराला हातच वर करता येत नाही. शाल काढा. तो आधी माणूस दिसू द्या, मग त्याचं बळ दिसेल. थोर माणसांची टवाळी करा असं मी म्हणत नाही, कधीच म्हणणार नाही. नवा वीर निर्माण करा, ज्याला ठेच लागते, भूक लागते, आई ओरडते.

भूक म्हटलं म्हणून सांगतो. पॉपायला पालक लागतो, ढोलकपूरच्या छोट्या भीमाला लाडू, फुरफुरीनगरच्या मोटूला समोसा. शक्ती खाण्यातून येते हे पोरांना पटतं, कारण आई रोज तेच सांगत असते. पण आमच्या पोरांचा सुपरहिरो गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन का उठत नाही? मिसळीच्या कटाचा भुरका मारून त्याच्या कानांतून वाफ का येत नाही? कार्टून बघून आमची पोरं खेळताना ‘बचाओ, बचाओ’ ओरडतात. त्यांनी ‘काटा किर्र’ म्हणत उडी मारावी असं मला मनापासून वाटतं. हिंदीवर माझा राग नाही. पण पोरगं ज्या भाषेत हसतं त्याच भाषेत पुढं स्वप्नं बघतं, आणि ती भाषा आपण हातानं दुसऱ्याला देऊन बसलो आहोत. कलानिकेतन, दळवीज आर्ट या कलाशाळांमध्ये हात चालणारी पोरं आहेत. चित्रनगरी आहे. पडदे रंगवता रंगवता कॅमेरा घडवणाऱ्या माणसाचं हे गाव आहे. ‘जगात भारी’ हे गाडीच्या मागं लिहून झालं असेल, तर आता पडद्यावर लिहा.

आणि आईबापांना एकच सांगणं. पोराच्या हातात मोबाइल देऊन तुम्ही दुसऱ्या खोलीत जाता, तेव्हा या चित्रपटांचा अर्धा भाग वाया जातो. ते दोन पिढ्यांसाठी केलेले असतात. पडण्यावर पोरगं हसतं, पडणाऱ्याच्या ऑफिसावर बाप हसतो. बाप का हसला ते पोरगं विचारतं, आणि मग बाप साहेबाची, बसच्या गर्दीची, लहानपणच्या मारामारीची गोष्ट सांगतो. ते संभाषण कुठल्याच वाहिनीवर लागत नाही. त्यासाठी शेजारी बसावं लागतं.

पैलवान शेजारी बसले होते. चित्रपट संपला. नातवानं आज्जाच्या दंडाला दोन्ही हातांनी विळखा घातला, पण हात काही पुरले नाहीत.

“आज्जा, तुम्हीपण लपून राहिलाय व्हय?”

पैलवान काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळानं उठले, खुंटीवरचा टॉवेल खांद्यावर टाकला आणि पायात चपला सरकवल्या.

“चल, तालमीत जाऊया. तुला एक डाव दावतो.”