टक्केराव

पुण्याहून सातारा किती लांब, असं विचारलं तर तुम्ही-आम्ही म्हणू एकशे दहा किलोमीटर. आमचे साडू म्हणतात, ‘चाळीस टक्के. येताना जरा कमी, उतार आहे.’ म्हणून घरात त्यांचं नाव टक्केराव.

हे टक्के इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीचे. त्यांची स्वतःची गाडी मात्र पेट्रोलची आहे आणि ती विकायचा त्यांचा विचार नाही. पण इलेक्ट्रिकवर बोलायचं तर अनुभव हवा, म्हणून लांबच्या प्रवासाला ते इलेक्ट्रिक गाडी भाड्याने आणतात. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. खासगी इलेक्ट्रिक गाडीवर अक्षरं पांढरी असतात, भाड्याच्या गाडीवर पिवळी, हे ते सोसायटीच्या वॉचमनला दर वेळी नव्याने सांगतात. चार्जिंगवाल्या प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं आणि त्यातलं पाकीटही वेगळं. अशा सगळ्या पाकिटांत त्यांचे दोनशे-तीनशे रुपये पडून आहेत. या ठेवींना व्याज नाही, नॉमिनी नाही.

त्यांच्यासोबत आम्ही गोव्याला निघालो. गाडी कागदावर साडेचारशेच्या पुढे जाणारी होती, म्हणजे रस्त्यावर तीनशेच्या आसपास. खंबाटकी चढताना एसी बंद. मागे दोघी बहिणी ओढणीने वारा घेत होत्या. खरं तर हायवेला मोटर जेवढी वीज खाते त्यापुढे एसीची भूक किरकोळ असते; बॅटरी संपवतो तो वेग. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. पण टक्केराव दोन्ही बाजूंनी काटकसर करतात. एक लाल एसटी आम्हाला ओव्हरटेक करून गेली, तिच्यातल्या आजीबाईंनी आमच्याकडे काळजीने पाहिलं.

कराडजवळ एका हॉटेलच्या मागे चार्जर होता. गन दुसऱ्याच्या गाडीला, गाडी अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर, मालक आत मिसळीवर. टक्केराव टेबलाटेबलावर फिरले. ‘पांढरी गाडी आपली का?’ सापडल्यावर त्याचा घास हातातच राहिला, कारण यांनी शास्त्र काढलं. ‘अहो, ऐंशीनंतर बॅटरी जपायला करंट कमी होतो. वडापात पहिली दहा माणसं पटापट बसतात, शेवटच्या दोघांना कोंबायला वेळ लागतो. ऐंशीला गन काढायची, हा नियम आहे.’ तो गृहस्थ निमूटपणे उठला. बहुधा रश्श्यापेक्षा हे तिखट लागलं असावं.

पुढे निपाणी, संकेश्वर, आजरा. आंबोलीचा घाट उतरताना मात्र टक्केरावांचं खरं तेज दिसतं. उतारावर मोटरच जनित्र होते आणि वीज बॅटरीत परत जाते. सगळ्यांनी नजर पडद्यावर ठेवायची, असा हुकूम होता. धबधबा कधी मागे पडला कळलंच नाही. दाणोलीला पोचेपर्यंत दोन टक्के वाढले. ‘फुकट!’ असं ओरडून त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि पडद्याचा फोटो काढला. गोव्याचे त्यांच्याकडे असलेले बहुतेक फोटो याच जातीचे आहेत. परतीच्या चढाने ते दोन टक्के सव्याज वसूल केले, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. सबंध प्रवासातली ती एकमेव शांतता.

गाडीबद्दल माझी तक्रार नाही. आवाज नाही, धूर नाही, वळणावर बिलगून चालते. आवाज सगळा टक्केरावांचा.

त्यांना अडकवलं ते भाड्याच्या करारातल्या एका कलमाने: गाडी जेवढ्या टक्क्यांवर मिळाली तेवढ्यावरच परत द्यायची. मिळाली होती सत्त्याण्णववर. रात्री पुण्यात पोचून आम्ही चार्जरपाशी थांबलो. ऐंशीपर्यंत गाडी भराभर गेली, मग शेवटच्या दोघांना कोंबणं सुरू झालं. मागे एक माणूस त्याची गाडी घेऊन येऊन उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, ‘काका, ऐंशीला गन काढायची असते ना?’ दोघी बहिणी तेवढ्यात रिक्षा करून घरी गेल्या होत्या.

तुम्हीही अशा कोणाबरोबर जाणार असाल तर जरूर जा. फक्त गाडी ताब्यात घेताना पडद्यावरचा आकडा बघा. सत्तरवर असेल तर डोळे मिटून सही करा. शंभरवर असेल, तर दुसरी गाडी मागा.